आतड्याचं अस्तर: पेशी कशा मरतात, कशा नव्या येतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे: कोल्हापूर परिसरातले जीवशास्त्राचे आणि नर्सिंगचे विद्यार्थी, आणि बायोप्सीचा रिपोर्ट हातात घेऊन बसलेले नातेवाईक. दोघांनाही एकच गोष्ट आधी पक्की कळायला हवी. आतड्याला इजा झाली असं कुणी म्हटलं, की ती अस्तराच्या टोकाला झाली की तळाला, हे विचारायचं. औषध, पथ्य, बरं व्हायला लागणारा वेळ, सगळं या उत्तरावर ठरतं.

आतड्याचं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं, हे खरं आहे का?

खरं आहे. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला पेशींचा फक्त एकच थर असतो. त्यातली बहुतेक प्रत्येक पेशी तीन ते पाच दिवसांत गळून पडते आणि तिची जागा नवी पेशी घेते. मोठ्या आतड्यात हे थोडं संथ चालतं, साधारण पाच ते सात दिवस. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी 2021 मध्ये हिशेब मांडला. 70 किलो वजनाच्या माणसात रोज सुमारे 33 हजार कोटी पेशी बदलतात. त्यात बहुतांश रक्तपेशी, पण जवळपास 12 टक्के, म्हणजे सुमारे 4 हजार कोटी, आतड्याच्या अस्तरातल्या.

मात्र बदलतो तो हा वरचा थर. त्याखालचे स्नायू, नसा, रक्तवाहिन्या दर आठवड्याला नव्या होत नाहीत. ‘आठवड्यात नवं आतडं’ अशी जाहिरात दिसली तर हे लक्षात ठेवा.

नवी पेशी जन्मते कुठे आणि वर कशी येते?

लहान आतड्याच्या आत अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे बोटासारखे उंचवटे असतात. त्यांना व्हिलाय म्हणतात, एक असेल तर व्हिलस. व्हिलसच्या पायथ्याशी भोवताली अरुंद खोल विहिरी असतात, त्या क्रिप्ट. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ लिबरक्यून यांनी 1745 मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून पुस्तकात त्यांचं नाव दिसतं. एका व्हिलसला अनेक क्रिप्टमधून पेशींचा पुरवठा होतो.

क्रिप्टच्या अगदी तळाशी मूळपेशी असतात. उंदराच्या एका क्रिप्टमध्ये त्या साधारण 15 असतात आणि दिवसाला सुमारे एकदा विभागतात. त्यांची पिल्लं थोडी वर सरकतात आणि आणखी वेगाने, अंदाजे दर 12 तासांनी, अशी चार-पाच वेळा विभागतात. मग विभागणं थांबतं आणि प्रत्येक पेशी आपलं काम पत्करते. बहुतेक जणी अन्न शोषणाऱ्या होतात, काही चिकट श्लेष्मा तयार करणाऱ्या गॉब्लेट पेशी होतात, थोड्या संप्रेरकं सोडणाऱ्या. तिथून टोकापर्यंतचा प्रवास दोन-तीन दिवसांचा.

एक प्रकार मात्र उलट दिशेने जातो. पॅनेथ पेशी खाली उतरतात, मूळपेशींच्या शेजारी बसतात, जंतुनाशक प्रथिनं सोडतात आणि मूळपेशींना ‘विभागत राहा’ असे रासायनिक इशारे देतात. त्यांचं आयुष्य दिवसांत मोजायचं नसतं, त्या महिना-दोन महिने टिकतात. परीक्षेत ‘सगळ्या पेशी पाच दिवसांत बदलतात’ असं लिहिलं की गुण जातात, ते इथे.

तळाशी डब्ल्यूएनटी नावाचा इशारा जोरात असतो, वर जावं तसा तो मंदावतो. वर बीएमपी हा दुसरा इशारा वाढत जातो आणि तो विभागणी थांबवतो. पेशी कोणत्या उंचीवर आहे यावर तिने काय करायचं हे ठरतं.

हे कुणी शोधलं?

कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातले लब्लाँ यांनी स्टीव्हन्स यांच्यासोबत 1948 मध्ये प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांवर (रॅट) अस्तर सतत नवं होतं हे दाखवलं. 1974 मध्ये चेंग आणि लब्लाँ यांनी अस्तरातल्या सगळ्या मुख्य पेशी एकाच मूळपेशीपासून येतात असं मांडलं. ती मूळपेशी नेमकी कोणती, यावर मात्र बरीच वर्षं वाद होता. 2007 मध्ये नेदरलँड्समधल्या हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेने एलजीआर-5 या खुणेवरून ती ओळखली. 2009 मध्ये तिथेच अशा एकाच पेशीपासून बशीत आतड्याचा छोटा नमुना वाढवला. त्याला ऑर्गनॉइड म्हणतात.

टोकाला पोचलेली पेशी मरते म्हणून गळते, की गळते म्हणून मरते?

दोन्ही घडतं. निरोगी आतड्यात मात्र बऱ्याच पेशी जिवंत असतानाच बाहेर ढकलल्या जातात. खालून सतत नव्या पेशी येत असल्यामुळे टोकाला गर्दी होते. मग निघणाऱ्या पेशीभोवतीच्या शेजारणी तिच्या बुडाशी ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचं कडं तयार करतात आणि ते आवळत नेतात. पेशी वर उचलली जाते. त्याच वेळी शेजारणींमधले घट्ट सांधे खाली सरकून तिच्या तळाशी एकमेकांना जुळतात. पेशी सुटेपर्यंत खालची फट बुजलेली असते. रोज हजारो कोटी पेशी गळूनही आतड्याला भोकं पडत नाहीत, ती या क्रमामुळे.

सुटल्यावर तिचा पायाशी असलेला आधार तुटतो. आधार तुटलेली अस्तरपेशी स्वतःच ठरवून मरते. कॅस्पेज नावाची विकरं आतून तिचे तुकडे करतात. या मरण्यात सूज येत नाही, आजूबाजूला दाह होत नाही.

गडबड होते ती दाहात. क्रोन्ससारख्या आतड्याच्या दाहाच्या आजारात टीएनएफ हे दाह पेटवणारं रसायन वाढतं आणि शेजारशेजारच्या कित्येक पेशी एकदम गळतात. तेवढ्या वेगाने फट बुजवणं जमत नाही, आतले जंतू आणि त्यांचे अंश खाली झिरपतात आणि त्याने दाह आणखी वाढतो. टीएनएफ रोखणारी औषधं या चक्राला मधेच तोडतात.

क्रिप्टच्या तळाशीही थोड्या पेशी मरत असतात. जनुकात बिघाड झालेली मूळपेशी दुरुस्त करत बसण्यापेक्षा ती काढून टाकणं शरीराला परवडतं. लहान आतड्यात हे जास्त दिसतं, मोठ्यात कमी. लहान आतड्याचा कर्करोग विरळा असण्यामागे हे एक कारण मानलं जातं.

मग इजा झाल्यावर अस्तर परत कधी येतं?

उसाचा खोडवा धरतो तसं समजा. वरचा ऊस तोडला तरी जमिनीतले डोळे जिवंत असले की नवे फुटवे येतात, पण बुडखाच कुजला तर नाही. टोकाच्या पेशी गेल्या आणि क्रिप्ट शाबूत राहिल्या, तर कारण दूर झाल्यावर काही दिवसांत ते एक-दोन आठवड्यांत अस्तर भरून येतं. क्रिप्ट मेल्या तर शेजारच्या क्रिप्ट दुभंगून जागा भरतात, त्याला आठवडे-महिने लागतात. मोठा पट्टाच गेला तर तिथे व्रण आणि कायमचं आकसणं उरतं.

उपवासात काहीच खाल्लं नाही तरी शौचाला का होते?

गळलेल्या पेशी, श्लेष्मा, पाचकरस आणि जंतू यांचाच बराचसा भाग मळात असतो. अन्न नसलं तरी ते थांबत नाहीत. त्यातही वाया फार जात नाही. गळलेल्या पेशींमधली प्रथिनं पचतात आणि पुढे शोषली जातात.

लोहाचं मात्र वेगळं आहे. अन्नातलं लोह आधी अस्तरपेशीत येतं. शरीराला गरज असेल तर ते रक्तात पाठवलं जातं. गरज नसेल तेव्हा यकृतातून हेप्सिडिन हे संप्रेरक सुटतं, ते बाहेर जायचं दार बंद करतं, लोह पेशीतच फेरिटिन या साठवणीच्या प्रथिनाच्या रूपात अडकतं आणि पेशी गळाली की तिच्यासोबत बाहेर जातं. लोहाची गोळी घेतल्यावर हेप्सिडिन सुमारे 24 तास वाढलेलं राहतं. त्यामुळे दिवसातून दोन-तीन गोळ्या घेतल्याने रक्त दुप्पट-तिप्पट वेगाने वाढत नाही, पोट मात्र बिघडतं. काही जणांना डॉक्टर एक दिवसाआड गोळी देतात, ती कंजूषी नव्हे. गरोदर बाईने मात्र ठरवून दिलेला डोस स्वतःहून बदलू नये.

तांबडा रस्सा, ठेचा, झणझणीत मिसळ यांनी अस्तर जळतं का?

नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन हे आम्ल किंवा क्षार नाही, ते पेशी भाजत नाही. उष्णता ओळखणाऱ्या नसांच्या टोकावर टीआरपीव्ही-1 नावाचा ग्राही असतो, त्याला ते चिकटतं आणि मेंदूला ‘भाजलं’ असा निरोप जातो. दुसऱ्या दिवशी गुदद्वाराशी होणारी आगही तीच, कारण तिथेही त्या नसा आहेत. ज्याला आधीच आम्लपित्त, अल्सर किंवा आतड्याची हुळहुळ आहे त्याला त्रास वाढतो, हे खरं. त्याने तिखट कमी करावं. पण रस्सा खाऊन आतडं सोलवटलं, असं होत नाही.

खरी इजा करतात त्या गोष्टी वेगळ्या: भरपूर दारू, आणि अंगदुखीसाठी महिनोन्‌महिने रोज घेतलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या. आम्लपित्ताची गोळी सोबत घेतली की जठर बऱ्यापैकी वाचतं, लहान आतडं वाचत नाही, कारण यातली काही औषधं पित्तावाटे पुन्हा तिथेच येतात. हिमोग्लोबिन कारण सापडत नसताना उतरत असेल तर चालू असलेल्या गोळ्या डॉक्टरांना जरूर दाखवा.

गॅस्ट्रो झाल्यावर बाळाला दूध का सोसत नाही?

कारण इजा टोकाला असते. रोटाव्हायरस व्हिलसवरच्या तयार पेशींत शिरून त्यांना मारतो. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज नेमकं त्याच पेशींवर असतं. क्रिप्टमधून घाईने वर आलेल्या नव्या पेशी अजून कोवळ्या, त्यांच्यावर लॅक्टेज पुरेसं नसतं. न पचलेली साखर पाणी ओढते, पोट फुगतं, आंबट वासाचे जुलाब होतात. बहुतेक मुलांत एक-दोन आठवड्यांत हे आपोआप निवळतं. आईचं दूध मात्र कधीही थांबवायचं नाही. वरचं खाणाऱ्या बाळाला वरचं दूध त्रास देत असेल तर काही दिवस दही-भात, मऊ खिचडी द्या.

कॉलऱ्यात गोष्ट निराळी आहे. तिथे पेशी मरतच नाहीत. जंतूचं विष क्रिप्टमधल्या पेशींना क्षार आणि पाणी बाहेर सोडत राहायला लावतं. साखर आणि मीठ एकत्र आत ओढणारा व्हिलसवरचा पंप शाबूत असतो, आणि ओआरएस चालतं ते त्याच पंपाच्या जोरावर. डॉ. दिलीप महालनबीस यांनी 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत हे हजारो रुग्णांवर दाखवून दिलं. रोटाव्हायरसमध्येही सगळी टोकं एकदम जात नाहीत, म्हणून ओआरएस तिथेही लागू पडतं.

ओआरएस करताना नेमकं काय चुकतं?

पंचगंगेला पूर आला की पाण्याचे आजार वाढतात, तेव्हा ही माहिती घरात असलेली बरी. मोठी पुडी 20.5 ग्रॅमची असते: मीठ 2.6, ग्लुकोज 13.5, पोटॅशियम क्लोराइड 1.5 आणि सायट्रेट 2.9 ग्रॅम. ती सगळी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. छोट्या पुड्या 200 मिलिलिटरसाठी असतात, म्हणून पुडीवरचा आकडा वाचल्याशिवाय पाणी घेऊ नका.

सर्वाधिक होणारी चूक म्हणजे मोठी पुडी थोडी थोडी करून पेल्यात टाकणं. पुडीतले क्षार सारखे मिसळलेले नसतात, अंदाजाने घातलेल्या चिमटीत मीठ जास्त येऊ शकतं. दुसरी चूक, चवीसाठी वरून साखर घालणं. द्रावण जास्त दाट झालं की ते पाणी आत ओढण्याऐवजी आतड्यातच आणतं आणि जुलाब वाढतात. शीतपेय किंवा पॅकबंद गोड रस हे ओआरएस नव्हे. केलेलं द्रावण 24 तासांनंतर ओतून द्या.

प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला 50 ते 100 मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला 100 ते 200 मिलिलिटर, चमच्याने, सावकाश. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा. सोबत झिंक: दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज 10 मिलिग्रॅम, सहा महिन्यांवरच्या मुलाला 20 मिलिग्रॅम, पूर्ण 14 दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले म्हणून लोक गोळ्या सोडतात, पण अस्तर भरून यायला झिंक पुढेही लागतं. आशाताईंकडे आणि आरोग्य केंद्रात दोन्ही मिळतं. रोटाव्हायरसची तोंडावाटे द्यायची लस राष्ट्रीय लसीकरणात 2016 पासून टप्प्याटप्प्याने आली. ती 6, 10 आणि 14 आठवड्यांना देतात.

मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी नाही, मळात रक्त आहे, किंवा घोटभरही पोटात राहत नाही: वाट न बघता दवाखाना.

रिपोर्टमध्ये ‘व्हिलाय सपाट, क्रिप्ट लांबलेल्या’ असं लिहिलंय. म्हणजे काय?

म्हणजे टोकाच्या पेशी इतक्या वेगाने मरत आहेत, की क्रिप्ट दुप्पट राबूनही भर पडत नाही. सीलियाक आजारात असं चित्र दिसतं. गव्हातल्या ग्लुटेनमुळे रोगप्रतिकारक पेशी अस्तरावरच चालून जातात. जियार्डिया हा परजीवी, ट्रॉपिकल स्प्रू हा उष्ण प्रदेशातला आतड्याचा आजार, काही औषधं यांनीही असं दिसू शकतं, म्हणून निदान एकट्या बायोप्सीवर होत नाही. रक्तातली टीटीजी-आयजीए ही सीलियाकची तपासणी लागते. त्या तपासण्या होईपर्यंत गहू बंद करू नका. आधीच बंद केला तर रक्ताची तपासणी आणि बायोप्सी दोन्ही खोट्या नॉर्मल येऊ शकतात आणि निदान वर्षानुवर्षं लांबतं. ड्युओडिनमच्या (जठराला लागून असलेल्या लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या) पुढच्या भागातून किमान चार आणि सुरुवातीच्या भागातून एक-दोन तुकडे घेतलेले असावेत, कारण आजार ठिकठिकाणी कमी-जास्त असतो.

निदान झालं की ज्वारी, तांदूळ, नाचणी, बाजरी, मका चालतं. आपल्याकडे पथ्य मोडतं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे गिरणी: गहू दळून झाल्यावर त्याच जात्यात ज्वारी टाकली की पहिल्या काही किलो पिठात गहू येतोच. घरची छोटी चक्की असेल तर उत्तम. दुसरं हिंग: बाजारातल्या बहुतेक डब्यांतल्या हिंगात मैदा मिसळलेला असतो. मिसळीसोबतचा ब्रेड लगेच लक्षात येतो, आमटीतलं हिंग येत नाही.

पेशी चार दिवसांत बदलतात, तर बरं व्हायला इतका वेळ का? कारण हल्ला करणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी ग्लुटेन बंद झाल्यावरही लगेच शांत होत नाहीत, आणि व्हिलसचा सांगाडाच पुन्हा उभा राहावा लागतो. त्रास काही आठवड्यांत कमी होतो, अस्तर पूर्ववत व्हायला मोठ्या माणसांत सहा महिने ते दोन वर्षं, कधी त्याहून जास्त.

केमो घेतल्यावर जुलाब लगेच न होता काही दिवसांनी का होतात?

केमोचा मार तळावर असतो. 5-फ्लुओरोयुरॅसिल किंवा आयरिनोटिकॅनसारखी औषधं विभागणाऱ्या पेशी मारतात, त्यामुळे क्रिप्टमधलं उत्पादन थांबतं. व्हिलसवर आधीच पोचलेल्या पेशी आपले दिवस भरेपर्यंत टिकतात. त्या गळाल्या आणि मागून कुणी आलं नाही, की अस्तर उघडं पडतं. आयरिनोटिकॅनने पहिल्या 24 तासांतही जुलाब होऊ शकतात, पण ते नसांवरच्या परिणामामुळे, त्याचा उपचार वेगळा. अस्तर उघडं पडतं त्याच दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशीही घटलेल्या असतात. म्हणून केमोनंतर जुलाबासोबत 38 अंश सेल्सियसवर ताप आला तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, त्याच रात्री रुग्णालयात जायचं. रेडिएशनचंही तत्त्व तेच. फक्त त्यात रक्तवाहिन्या आकसल्याने त्रास महिन्यांनी, वर्षांनीही उभा राहू शकतो.

ग्लुटामाइन पावडर, ‘आतडं साफ’ करणारी चूर्णं घ्यावीत का?

लहान आतड्याच्या पेशी ग्लुटामाइन इंधन म्हणून वापरतात हे बरोबर, पण नीट जेवणाऱ्या माणसाला ते डाळ, दूध, अंडी, मटणातून मिळतं. मोठ्या आतड्याच्या पेशींचं इंधन ब्युटिरेट, ते तिथले जंतू तंतुमय अन्नापासून बनवतात. ज्वारीची भाकरी, कडधान्यं, पालेभाजी हाच त्याचा मार्ग. जुलाब करवणारी चूर्णं नवं अस्तर आणत नाहीत. ‘घाण निघाली’ म्हणून दाखवला जाणारा चिकट पदार्थ बहुधा श्लेष्मा असतो.

पेशी सतत विभागतात तर कर्करोगाचा धोका नाही का?

आहे, मुख्यतः मोठ्या आतड्यात. गळून जाणाऱ्या पेशीतला बिघाड तिच्यासोबत जातो. मूळपेशीतला बिघाड मागे राहतो. बहुतेक वेळा सुरुवात एपीसी या जनुकापासून होते. ते मोडलं की ‘विभाग’ हा इशारा बंदच होत नाही, वर गेलेली पेशीही विभागत राहते आणि पॉलिप, म्हणजे अस्तरावरची छोटी गाठ, तयार होते. पॉलिपचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षं लागतात, म्हणूनच वेळेत काढून टाकण्याची संधी मिळते. मळातून रक्त जातंय आणि वय चाळिशीच्या पुढे आहे, तर मूळव्याध असेल असं गृहीत धरून मलम लावत बसू नका, कोलोनोस्कोपीबद्दल (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) विचारा. जवळच्या नात्यात कुणाला असेल तर तपासणी आणखी लवकर.

स्लाइडवर हे बघायचं तर नमुना कसा घ्यावा?

बकऱ्याचं लहान आतडं पुरेसं आहे, पण वेळ सांभाळायला हवी. प्राणी मेल्यावर काही मिनिटांतच टोकाच्या पेशी सुटायला लागतात. वजडी साफ करताना गरम पाण्यात जो बुळबुळीत थर खरवडून निघतो, तो श्लेष्मा आणि हेच सुटलेलं अस्तर. दुकानात तासभर पडलेलं आतडं आणलं तर स्लाइडवर उघडे व्हिलाय दिसतात आणि विद्यार्थी वहीत आजार लिहितो.

10 टक्के फॉर्मालिनची बाटली सोबतच न्या. जठराच्या पुढचा भाग घ्या, एक सेंटिमीटरचा तुकडा उभा चिरून उघडा, गार सलाइनने हलकेच धुवा, बोटाने पुसू नका. थर्माकोलवर अस्तर वर ठेवून टाचण्या लावा आणि तुकड्याच्या वीसपट फॉर्मालिनमध्ये 24 तास बुडवा. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. नंतर पॅराफिन मेणात बसवणं, 5 मायक्रॉनचे छेद, हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवणं. गॉब्लेट पेशी ठळक हव्या असतील तर पीएएस हा श्लेष्मा रंगवणारा रंग.

बघताना आधी छेद सरळ आहे का ते तपासा. क्रिप्ट तोंडापासून तळापर्यंत सलग दिसायला हवी. गोल गोल भोकं दिसत असतील तर छेद तिरका गेलाय, आणि तिरक्या छेदात निरोगी व्हिलायही बुटके दिसतात. सरळ छेदात व्हिलसची उंची क्रिप्टच्या खोलीच्या साधारण तिप्पट किंवा जास्त भरते. विभागणाऱ्या पेशी क्रिप्टच्या खालच्या अर्ध्यात शोधा, व्हिलसवर त्या नसतात. टोकाच्या थराखाली रिकामी फट दिसली तर ती बहुधा नमुना आकसल्याने पडलेली असते, मेलेल्या पेशींची खूण नव्हे. मरणारी पेशी आकसलेली, गडद गुलाबी, आत काळसर ठिपक्यांत फुटलेलं केंद्रक, अशी दिसते. त्या फार कमी सापडतात, कारण पेशी सुटली की काही वेळातच पोकळीत वाहून जाते. पाच-सहा व्हिलाय बघून एकही नाही सापडली तर स्लाइड बिघडली असं समजू नका, पुढचं क्षेत्र बघा.